काळूरामचा ठिपका

"थांबा बाई, अजून तपासायचाय," असं म्हणत काळूरामने पायातल्या चपला काढल्या आणि तो काउंटरमागच्या फरशीवर अनवाणी उभा राहिला.

समोर टेबलफॅन गरगरत होता. तो चालू झालाय हे बाईंना दिसत होतं, शाळेची वेळ होत आली होती, आणि ह्या माणसाचं आपलं सोवळं संपत नव्हतं.

"अहो, आत्ता मीटर लावून बघितलंत ना?"

"मीटर खरंच बोलतो. पन मीटरला शॉक लागत न्हाय, मानसाला लागतो."

मग त्याने उजवा हात उलटा केला आणि बोटांची पाठ फॅनच्या लोखंडी बुडाला टेकवली. क्षणभर डोळे मिटले. काही झालं नाही. त्याने मान हलवली, ड्रॉवरमधून लाल नेलपॉलिशची बाटली काढली आणि फॅनच्या खालच्या स्क्रूवर एक बारीकसा ठिपका दिला.

काळूरामची ही पद्धत उरणच्या बाजारात सगळ्यांना पाठ होती. तळहात लावला आणि वस्तूत करंट असला, तर मूठ आपोआप आवळते आणि माणूस चिकटतो. हाताच्या पाठीला झटका बसला, तर हात मागे उडतो आणि माणूस वाचतो. पायात चपला असल्या तर रबरामुळे काही कळत नाही, म्हणजे तपासल्याचं नुसतं नाटक. मिठागर भरावाखाली गेलं तेव्हा वडलांनी त्याला मुंबईला एका मोटार-वायंडिंगवाल्या उस्तादाकडे धाडलं होतं, तिथे हे धडे मिळाले. नंतरच्या तेहेतीस वर्षांत त्याने स्वतः किती शॉक खाल्ले ते देवाला ठाऊक, पण त्याच्या दुकानातून दुरुस्त होऊन गेलेल्या वस्तूने कोणाला झटका दिला असं एकदाही झालं नव्हतं. ह्या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. घरात बसून तो आपल्या बायकोला, जनीला, हे इतक्या वेळा ऐकवायचा की तिने ऐकणंच सोडलं होतं.

ठिपक्याची गोष्ट पुढची. पहिली बाटली त्याच्या मुलीची, प्राप्तीची होती. तिचं लग्न झालं आणि ती बाटली घरात राहून गेली. स्क्रूवर ठिपका असला म्हणजे वस्तू आपण उघडली होती आणि नंतर कोणी हात लावलेला नाही, एवढंच त्याला हवं होतं. पण लोकांनी त्याचा अर्थ मोठा केला. ठिपका आहे म्हणजे काळजी नाही. प्राप्तीची बाटली संपल्यावर तो बांगड्यांच्या दुकानात नवी घ्यायला गेला, तेव्हा दुकानदारीण म्हणाली, "काय काळूरामशेट, नखं रंगवायचं मनावर घेतलंत काय?" तेव्हापासून अर्धा बाजार त्याला ह्यावरून चिडवत असे आणि तो खूश होत असे.

बाई फॅन घेऊन गेल्या. मग इतका वेळ शेजारच्या दुकानाच्या पायरीशी उभी असलेली कल्पिता पुढे आली. ती पुढे यायला बाई जाण्याची वाट बघत होती, हे काळूरामच्या लक्षात आलं होतं. कल्पिता म्हणजे त्याच्या गावची, भावकीतली सून. तिचा नवरा प्रज्योत बंदरातले कंटेनर वाहायचा. स्वतःचा ट्रेलर होता, गळ्यात जाडजूड चेन होती, गावच्या पालखीत नाचायला पुढे असायचा. लग्नाच्या मांडवातली वायरिंग काळूरामनेच केली होती.

"काका, ही बॅट बघा ना. मच्छर मरत न्हाय, नुसतं नाचतंय."

"खाडीचा मच्छर हाय, बाई. तो बॅट खाऊन जाईल."

ती हसली नाही. पिशवीत खाली हात घालून तिने ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलेली एक काळी बॅटरी काढली. हातभर नाही, पण चांगली जड. पुढे काचेच्या दोन बाजूंना धातूची दोन टोकं होती.

"आन ही. चार्ज व्हत न्हाय."

काळूरामने ती हातात तोलली. अशी बॅटरी त्याने मोबाइलवर जाहिरातीत बघितली होती. एका बटनाने उजेड पडतो, दुसऱ्याने त्या टोकांमध्ये ठिणगी उडते.

"कुठून आनलीस?"

"ऑनलाइन मागवली. बहिनीच्या पत्त्यावर. मैनाभर चालली, आता लाल लाईटच लागत न्हाय." मग आवाज उतरवून म्हणाली, "घरी सांगू नका."

"प्रज्योतला?"

"कोनालाच."

एप्रिलचा उकाडा होता. अंगाला कपडा नकोसा व्हावा अशा हवेत तिने मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस घातला होता आणि ओढणी गळ्याभोवती घट्ट घेतली होती. काळूरामला समजायचं ते समजलं. खरं तर गावात कोणाला माहीत नव्हतं? पण माहीत असणं वेगळं आणि ते काउंटरवर येऊन पडणं वेगळं. त्याला एकदम अवघडल्यासारखं झालं.

"उद्या ये," तो म्हणाला.

दुपारी गिऱ्हाईक नसताना त्याने बॅटरी उघडली. दोष अगदी साधा होता, चार्जिंगची पिन आतून सुटली होती. दहा मिनिटांत जोडून झाली. आत डांबरासारख्या काळ्या मसाल्यात बुडवलेलं सुपारीएवढं कॉइल होतं. करामत सगळी त्याचीच. बॅटरीचे स्क्रू लावून त्याने नियमाप्रमाणे चपला काढल्या, बॅटरी डाव्या हातात धरली, बटन दाबलं. तडतड असा आवाज झाला की समोरच्या पायरीवरचं कुत्रं उठून पळालं. निळी ठिणगी नाचत होती. त्याने उजव्या हाताची पाठ पुढे केली.

पुढचं त्याला नीट आठवत नव्हतं. तो स्टुलावर बसला होता एवढं खरं. कोपरापर्यंत हात आपला नव्हताच जणू, आणि तोंडात तांब्याची चव आली होती. पाच मिनिटांनी बोटं हलायला लागली तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला तो हा: ही पोरगी हे प्रज्योतला लावणार.

ही पोरगी आता वाचेल, असा विचार त्याच्या मनात आधी यायला हवा होता. तो आला नाही. माणूस वाईट नव्हता, पण नाही आला.

तेवढ्यात सदा हवालदार दुकानात शिरला. त्याचा चार्जर आठवडाभर पडून होता. काळूरामने बॅटरी फडक्याखाली सारली आणि चार्जर शोधता शोधता सहज विचारल्यासारखं विचारलं, "सदा, ती करंट मारनारी बॅटरी मिळते ना ऑनलाइन, ती घरात ठेवली तर चालते काय रे?"

"कोणाला पायजे?"

"कोनाला न्हाय. गिऱ्हाईक इचारत व्हतं."

सदाने स्टूल ओढलं. कायद्याचं काही विचारलं की त्याचा आवाज जाड व्हायचा. "ते शस्त्रात येतं. लायसन लागतं. मिरचीचा फवारा ठेव, कोण विचारत न्हाय. पण करंटवालं पकडलं तर ठेवणारा आत, विकणारा आत, आन दुरुस्त करणारा पण आत. तू काय हात लावू नकोस."

"ऑनलाइन तर खुशाल इकतात."

"ऑनलाइन काय, सगळंच इकतात."

सदाला ह्यातलं किती ठाऊक होतं आणि किती तो बोलता बोलता रचत होता, हे सदालाही सांगता आलं नसतं. पण खाकी कपड्यातला माणूस स्टुलावर बसून 'आत' म्हणाला की ऐकणाऱ्याला ते खरंच वाटतं. तो गेल्यावर काळूरामने फडकं उचलून बॅटरी पुन्हा समोर घेतली. कल्पिताने ती प्रज्योतला लावली आणि त्याचं काही बरंवाईट झालं तर? पोलिस बॅटरी उघडणार, स्क्रूवर ठिपका बघणार. भावकी काय म्हणेल? प्रज्योतचा बाप तर दारात येऊन उभा राहील. शिवाय कोपरापर्यंतचा हात अजून मुंग्या आल्यासारखा बधिर होता.

त्याने बॅटरी पुन्हा उघडली. पक्कड घेऊन कॉइलच्या दोन्ही वायरी कापल्या, टोकांना टेप लावली आणि कॉइल काढून खिळ्यांच्या डब्यात टाकलं. उजेडाचं बटन तसंच ठेवलं. असं केलं म्हणजे पोरगी कायद्यात अडकणार नाही, आपण अडकणार नाही, आणि प्रज्योतही मरणार नाही, अशी तिघांची सोय त्याने मनातल्या मनात लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी कल्पिता आली. त्याने बॅटरी लावून भिंतीवर पांढराफेक उजेड पाडून दाखवला.

"आन दुसरं बटन?"

"चालतंय. पन दाबून बघू नको, चार्जिंग उतरतं. आन आवाज लय व्हतो, घरात कोनीबी ऐकंल. लागंल तवाच दाब."

"तुमी लावून बघितलंत?"

"बघितलं," काळूराम म्हणाला. हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

मग त्याने ड्रॉवर उघडला, बाटली काढली आणि मागच्या स्क्रूवर ठिपका दिला. ह्या गोष्टीवर तो पुढे रात्रंदिवस विचार करणार होता. ठिपका द्यायची काही गरज नव्हती, तिने मागितलाही नव्हता. हात आपोआप गेला. कल्पिताने तो वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पहिल्यांदाच जरा मोकळा श्वास घेतल्यासारखी दिसली.

त्यानंतर अकराव्या दिवशी सकाळी जनी पाण्यावरून आली ती हंडा उतरवायच्या आधीच म्हणाली, "कल्पिताचा हात मोडला. काल जेवताना. ट्रेलरच्या पट्ट्याने मारलं मेल्याने."

कंटेनर आवळून बांधायचा तो पट्टा, चार बोटं रुंद आणि टोकाला लोखंडी आकडा. काळूरामने चहाची कपबशी खाली ठेवली.

"शेजारच्यांनी पोलिस बोलावलं," जनी म्हणाली. "तर तो उलटा सांगतोय, हिनंच आधी मना करंट मारला म्हनून. बॅटरी दाखवली त्याने पोलिसांना. मानेवर पट्टी लावून बसलाय. आता हिच्यावरच केस व्हईल बोलतात."

काळूराम उठून आत गेला, परत बाहेर आला. मग ओट्यापाशी बसला आणि त्याने जनीला सगळं सांगितलं, सदाच्या स्टुलापासून ठिपक्यापर्यंत. जनी तांदळाच्या पिठाची भाकरी थापत होती. ती थापत राहिली, तव्यावर टाकली, उलटली, आणि भाकरी फुगल्यावरच बोलली.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, मिठागराच्या बांधावर, तुमी मना मारलं व्हतं. याद हाय?"

"मी?"

"एकदाच. मिठाची पाटी पान्यात पडली म्हनून. बांधावर समदी बायका बघत व्हती." तिने भाकरी टोपलीत टाकली. "त्यातली एक जरी पुढं आली असती तर बरं वाटलं असतं मना. कोन आली न्हाय. समदीजना आपापलं मीठ भरत व्हती."

काळूरामला खरोखरच आठवत नव्हतं. तो आठवायचा प्रयत्न करत बसला आणि त्याला बांध आठवला, पाटी आठवली, उन्हात चमकणारं मीठ आठवलं. स्वतःचा हात मात्र आठवेना. ह्याची त्याला इतकी लाज वाटली की त्याला जनीकडे बघवेना.

दुपारी सदाच बोलवायला आला. नजर चुकवत म्हणाला, "चल जरा ठाण्यात. मॅडम विचारतायत, ठिपका कोणाचा. मी न सांगता पण कळलंच असतं, आख्खं उरण ओळखतं." काळूरामने शटर अर्धं ओढलं. मग पुन्हा वर केलं, आत जाऊन खिळ्यांच्या डब्यात हात घातला आणि कॉइल शर्टाच्या खिशात टाकलं. ते काढून दाखवायचं की नाही, हे त्याने ठरवलं नव्हतं.

फौजदार इरा मॅडम वर्षभरापूर्वी बदलून आलेल्या, श्रीवर्धनकडच्या बागायतदारांच्या घरातल्या. वयाने काळूरामच्या प्राप्तीएवढ्या. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ती बॅटरी ठेवली होती. एका बाजूच्या खुर्चीत कल्पिता बसली होती, डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर, ओठ सुजलेला. समोरच्या बाकावर प्रज्योत होता, मानेवर पट्टी.

"या काका," तो लगेच म्हणाला. "तुम्हीच सांगा मॅडमना. करंट होता ना यात? सीधा मर्डरचा प्लॅन होता हिचा."

"तुम्ही गप्प बसा," इरा मॅडम म्हणाल्या. "काळूराम, हा ठिपका तुमचा?"

"व्हय. माझाच."

"मग नीट ऐका. ही वस्तू झटका देणारी निघाली तर मला कल्पिताबाईंवर शस्त्राचा गुन्हा घ्यायचा की नाही हे ठरवावं लागेल. नियमात झटका देणाऱ्या उपकरणांचा उल्लेख आहे. ही हातात धरायची बॅटरी त्यात मोडते का, हे मी सकाळपासून दोन वकिलांना विचारलं. दोघांनी दोन उत्तरं दिली." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे न्यायचं ठरवलं तर प्रकरण नेता येतं. आणि हे गृहस्थ न्यायला टपलेत."

"मॅडम," कल्पिता म्हणाली, "पट्ट्याला लायसन लागतं?"

सदा खिडकीबाहेर बघू लागला.

"नाही लागत," इरा मॅडम हळूच म्हणाल्या. "पण पट्ट्याने मारलं त्याची तक्रार मी घेतलीय. आता काल काय झालं ते यांच्यासमोर पुन्हा एकदा सांगा."

कल्पिताने सुजलेल्या ओठावरून जीभ फिरवली. "मैन्यापूर्वी त्याने पट्टा काढला तवा मी बॅटरी काढली. लावली न्हाय, मॅडम. नुसती हवेत दाबली. तडतड आवाज झाला आन तो तीन पावलं मागं गेला. तीन पावलं. सात वर्षांत पयल्यांदा." तोवर नवऱ्याला 'हे' म्हणणारी बाई आज त्याला 'तो' म्हणत होती. "त्यानंतर पंधरा दिवस त्याने हात लावला न्हाय. मंग ती बंद पडली. मी काकांकडं दिली. काल त्याने पुन्यांदा पट्टा काढला. मी दाबलं. आवाजच झाला न्हाय. मी दाबत राहिले. तो हसला आन…"

ती थांबली. मग प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांकडे बघत म्हणाली, "मीच घाबरले असंन. माझाच अंगठा घसरला असंल. बॅटरी काकांनी नीट करून दिली व्हती, ठिपका हाय ना."

काळूराम उभा होता त्याच जागी जरासा हलला. सुटका अगदी समोर होती. 'ही नुसती उजेडाचीच बॅटरी आहे, मी चार्जिंगची पिन जोडली,' एवढं म्हटलं असतं तर कल्पितावरचा गुन्हा टळला असता, प्रज्योत खोटा पडला असता आणि ठिपक्यालाही धक्का लागला नसता. कापलेल्या वायरी कोण बघत होतं? एक कल्पिता तेवढी जन्मभर आपल्या अंगठ्याला दोष देत राहिली असती.

त्याने खिशात हात घातला आणि कॉइल वर्तमानपत्रावर ठेवलं.

"अंगठा न्हाय घसरला, पोरी. मीच काढून घेतलं व्हतं हे."

"काय आहे हे?" इरा मॅडम पुढे झुकल्या.

"करंट ह्याच्यात असतो. हे काढलं की नुसता उजेड. उघडून बघा, वायरी मीच कापल्यात. ह्याच्या मानेला काय झालंय ते मना ठावं न्हाय, पन ह्या बॅटरीने मुंगीबी मरनार न्हाय."

प्रज्योतचा हात आपसूक मानेवरच्या पट्टीकडे गेला आणि मग त्याने तो खाली घेतला. इरा मॅडमनी सदाला स्क्रू ड्रायव्हर आणायला पाठवलं. ठिपका फोडून बॅटरी उघडली गेली, फोटो काढले गेले, पंचनाम्याचे कागद आले.

"का काढलं?" इरा मॅडमनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता, तरी काळूरामला तो लागला.

"मना भ्या वाटलं. लायसनचं, पोलिसांचं. आन हा भावकीतला." तो प्रज्योतकडे न बघता बोलत होता. "आन खरं सांगायचं तर, बायकोच्या हातात एवढा करंट बरा न्हाय, असं वाटलं मना. मी तिला सांगायला पायजे व्हतं. सांगितलं न्हाय. चालतंय असं खोटं सांगितलं, आन वर ठिपका दिला."

कल्पिता ऐकत होती. टेबलावरच्या त्या काळ्या गोळ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही. ती काळूरामच्या पायांकडे बघत होती.

"बॅटरी दिलीत त्या दिवशी तुमी चपला काढल्या नव्हत्या," ती म्हणाली. "मी बघितलं व्हतं. बाकी समद्यांचं तपासताना काढता. मना वाटलं, काका घाईत असतील."

काळूराम दिसेल तिथे सह्या करून बाहेर आला आणि ठाण्याच्या पायरीवर बसला. इतक्या वर्षांत मार लागलेले, जळालेले, पाण्यात बुडालेले शेकडो मोटार-पंप त्याने उघडून परत चालू केले होते. हे कसं उघडायचं ते त्याला कळत नव्हतं.

पुढे बाकीचं सगळं सरळ झालं. कल्पितावर गुन्हा झाला नाही. प्रज्योतवर झाला, तो चार महिन्यांनी जामिनावर सुटून पुन्हा ट्रेलर चालवायला लागला, पण कोर्टाने त्याला तिच्या जवळपास फिरकायची मनाई केली. बॅटरी आणि कॉइल ठाण्याच्या मुद्देमालात दोन वेगवेगळ्या पुड्यांत, लाखेचं सील लावून ठेवली आहेत. आणि गंमत म्हणजे गावाने काळूरामला शहाणा ठरवला. सदा तर नाक्यावर सगळ्यांना सांगत सुटला, "ह्याने कॉइल काढलं म्हणून पोरगी वाचली, नायतर गेली असती आत." दुकानात येणारं जाणारं पाठीवर थाप मारून जायचं. प्रत्येक थापेबरोबर तो जरा जास्त वाकायचा. त्याच्या दुकानातून गेलेल्या वस्तूने कोणाला झटका दिला नव्हता, हा हिशोब अजूनही अगदी बरोबर होता. जनीला तो ऐकवणं मात्र त्याने बंद केलं.

दिवाळीनंतर एका सकाळी कल्पिता दुकानात आली. काळूराम दचकून उठला. आता तिने कोटनाक्याकडे खोली घेतली होती आणि आसपासच्या बिल्डिंगमधले कपडे इस्त्रीला घेत होती. हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण मनगट जरा वाकडं जुळलं होतं. बाह्या कोपराच्या वर होत्या.

"इस्त्री बघा," तिने काउंटरवर जड लोखंडी इस्त्री ठेवली. "गरम व्हत न्हाय."

बाजारात दुरुस्तीची आणखी दोन दुकानं होती, त्यातलं एक तिच्या वाटेवरच होतं. ती इथे आली होती. काळूरामने काही विचारलं नाही. इस्त्री उघडली, जळकी वायर बदलली, आतला गंज घासून काढला. उरणच्या खाऱ्या हवेत सगळ्याला गंज चढतो. त्याला वाटलं, कामाच्या ओघात काहीतरी बोलावं, माफी मागावी, जनी आठवण काढते म्हणून सांगावं. तोंडून फक्त "पाच मिंटं" एवढंच निघालं.

इस्त्री जोडून त्याने पिन बोर्डात घातली. लाल दिवा लागला. त्याने चपला काढायला पाय उचलला.

"थांबा," कल्पिता म्हणाली.

ती काउंटरच्या फळीखालून वाकून आत आली. आपल्या चपला तिने काढल्या, एकीशेजारी एक नीट ठेवल्या, आणि अनवाणी पाय फरशीवर टेकवले. मग डावा हात उलटा केला, तोच वाकडा जुळलेला, आणि बोटांची पाठ इस्त्रीच्या लोखंडाला लावली. डोळे मिटले नाहीत. काळूरामचा हात बोर्डाच्या बटनावर गेला होता. तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या वस्तू तपासल्या, पण आपण जोडलेल्या वस्तूला समोर कोणी असा हात लावताना तो पहिल्यांदाच बघत होता, आणि बघणं हे हात लावण्यापेक्षा अवघड असतं हे त्याला आजच कळत होतं.

काही झालं नाही. नुसती ऊब लागली असेल. तिने हात काढला.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

काळूरामने ड्रॉवर उघडला. बाटली काढली, झाकण फिरवलं, ब्रश बाहेर आला.

"ठिपका नको, काका."

तिने चपला घातल्या, वायर इस्त्रीभोवती गुंडाळली, किती झाले ते विचारून पैसे काउंटरवर ठेवले आणि इस्त्री कडेवर घेतल्यासारखी धरून ती कोटनाक्याच्या दिशेने गेली. काळूराम तिच्याकडे बघत राहिला. ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा त्याचं हाताकडे लक्ष गेलं. ब्रशवरचा लाल रंग वाळून गेला होता.